मातीचा जाणकार

मातीचा जाणकार गावात बाराही महिने असतो, पण त्याचा खरा हंगाम मे महिना. पालघर तालुक्यातल्या मुरबे या किनाऱ्यावरच्या गावात हा हंगाम विशेष रंगतो. किनाऱ्यालगतची जमीन रेताड. ओतलेलं पाणी मुळांपाशी थांबायला तयार नसतं. म्हणून घर बांधून झालं, की पुढच्या तुकड्यात चार झाडं लावण्यासाठी बाहेरून लाल माती आणावी लागते. पाऊस लागला की भरलेली ट्रॉली गल्लीत रुतते, त्यामुळे हे काम जूनआधी उरकायचं असतं. ट्रॅक्टरवाल्याला फोन लावला जातो आणि तो येण्याआधी जाणकार कुंपणाशी उभा असतो. त्याला कोणी बोलावलेलं नसतं.

जाणकाराचे ठळक प्रकार तीन. पहिला गवंडीकामातला. हा सगळं घमेल्यांत मोजतो. दुसरा तारापूर एमआयडीसीतल्या कुठल्यातरी कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त झालेला. हा सिमेंटच्या रिकाम्या गोणीवर पेन्सिलीने हिशोब मांडतो आणि खाली सही करतो. तिसरा सुट्टीपुरता मुंबईहून आलेला. याच्या हातात मोबाइल असतो आणि तो लांबी-रुंदी फुटांत व खोली इंचांत धरून बिनधास्त गुणाकार करतो. वीस फूट बाय पंधरा फुटांच्या तुकड्यात नऊ इंच माती घालायची, तर त्याचं उत्तर येतं २,७०० घनफूट, म्हणजे २७ ब्रास. एवढ्या मातीत घराच्या खिडक्याही बुजतील, हे त्याला ट्रॅक्टरवाला हळूच सांगतो.

मोजणीला फूटपट्टी किंवा टेप वापरणं जाणकाराला कमीपणाचं वाटतं. तो पावलं टाकतो. पाऊल अडीच फुटांचं पडलं तरी हिशोबात तीन फुटांचं धरलं जातं, आणि मधेच कोणी ‘काका, चहा घेणार?’ असं विचारलं तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. तरीही लांबी-रुंदीत त्याची चूक फार नसते. घोळ होतो तो खोलीत. तोंडाने तो ठासून सांगतो, ‘वीतभर माती पायजेच, त्याशिवाय वांगी धरायची नाहीत.’ वीत म्हणजे नऊ इंच. पण ट्रॉलीचे पैसे मोजायची वेळ आली, की त्याच्या मनातली वीत आकसून चार बोटांची, म्हणजे तीन इंचांची होते. वरच्याच तुकड्यात तीन इंचांनी ७५ घनफूट माती बसते. ‘एक ट्रॉली बास!’ हा त्याचा सुप्रसिद्ध निकाल इथूनच येतो.

खरा हिशोब अवघड नाही. लांबी, रुंदी आणि खोली तिन्ही फुटांत घ्यायची. नऊ इंच म्हणजे पाऊण फूट. २० × १५ × ०.७५ केलं की २२५ घनफूट. १०० घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे सव्वादोन ब्रास. ट्रॉलीतून उतरलेली माती सुटी असते. पाणी पिऊन ती खाली बसते. म्हणून आलेल्या आकड्यात २० ते २५ टक्के वाढ धरावी. बेरीज पावणेतीन ब्रासच्या आसपास जाते. नुसती हिरवळ लावायची असेल तर चार ते सहा इंच माती चालते. नारळाचा हिशोब वेगळा. तीन फूट लांब, रुंद आणि खोल खड्ड्याला २७ घनफूट लागतात, म्हणजे चार नारळांनाच ब्रासभराहून जास्त माती हवी. खड्ड्यातून निघालेली रेती कुठे टाकायची, हा प्रश्न जाणकाराच्या हिशोबात कधीच नसतो.

पुढचा टप्पा ट्रॉलीचा. माती हे गौण खनिज असून महाराष्ट्राच्या २०१३ च्या नियमांनुसार तिच्यावरचं स्वामित्वधन ब्रासवर आकारलं जातं. विक्रीचा भावही बहुधा ब्रासवरच ठरतो. पण गल्लीत येते ती ट्रॉली, आणि ट्रॉली म्हणजे ब्रासच असा जाणकाराचा ठाम समज असतो. आतून दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि दीड फूट उंच ट्रॉलीत सपाट भरून ९० घनफूट माती मावते. वर शीग असेल तर जाणकार खूश होतो. ती शीग खड्डे चुकवत येताना निम्मी रस्त्यात सांडली, हे तो पाहत नाही. मातीत दगड किती, हेही नाही. खडे चाळून काढले की भरलेल्या वाफ्याची पातळी आणखी उतरते.

जुलैत माती बसते आणि वाफ्याच्या विटा उघड्या पडतात. जाणकाराचे खुलासे ठरलेल्या क्रमाने येतात. पहिला, ‘ट्रॉलीवाल्याने कमी भरली.’ दुसरा, ‘माती हलकी होती.’ तिसरा घरमालकासाठी राखीव असतो, ‘तुला सांगितलेलं ना भाऊ, पाणी जपून मार!’ चौथा खुलासा होत नाही, कारण तोवर शेजारच्या घराच्या गच्चीवर टाकी किती लिटरची हवी यावर सल्ला सुरू झालेला असतो.

एवढं असूनही जाणकार निरुपयोगी नाही. कोणत्या टेकाडाची माती चिकट, कुठल्या मातीत नुसता मुरूम, कोणती भरणी खाऱ्या जागेतून उचललेली, हे तो मूठभर माती दाबून अचूक सांगतो. ट्रॅक्टरवाल्याशी भावाची घासाघीसही त्यानेच करावी. म्हणून मातीचा कस जाणकाराला विचारावा आणि मातीचं माप टेपला. तो यायच्या आधीच टेप लावून आकडा कागदावर लिहून ठेवावा, आणि ‘एक ट्रॉली बास’ ऐकल्यावर शांतपणे तीन मागवाव्यात.