पाचशे चाळीस लिटरचा पऱ्या

म्युनिक, रविवार

ती. आई-बाबा,


आई, आधी घाबरणं थांबव. ओवीनं फोनवर "आजी, आमच्या घरात ५४० लिटर पाणी आहे" असं सांगितलं ते खरं आहे, पण ते पाणी काचेच्या आत आहे. पूर आलेला नाही, नळ फुटलेला नाही. वहिनीनं टीव्हीवर बघितलेला पूर भलत्याच देशातला असणार. दादाला झोपेतून उठवून तू जर्मनीचं हवामान बघायला लावलंस, त्याचा राग त्यानं माझ्यावर काढायचं काही कारण नाही.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र. मंदार टाकीतलं पाणी बदलतोय आणि मला "पाइप सुटत नाही ना, एवढं बघ" म्हणून बसवून ठेवलंय. एक डोळा पाइपावर, एक कागदावर. अक्षर समजून घे.

तर तुमच्या जावयानं मत्स्यालय केलंय. सदाशिव पेठेतला हा माणूस आपल्याकडे पहिल्यांदा आला तेव्हा सुकटीच्या वासानं अंगणात झोपला होता, हे बाबा त्याला अजून विसरू देत नाहीत. आता तोच रोज सकाळी चहाच्या आधी माशांची हजेरी घेतो. बाबा, "त्यातले तळून कुठले बरे लागतील?" हा तुमचा प्रश्न दादानं पोचवला. कुठलेच नाहीत. चाळीस कार्डिनल टेट्रा एकत्र केले तरी एक बांगडा भरायचा नाही.

भरपूर झाडं, थोडी थोडी सगळ्या जातींची वस्ती, असा त्याचा बेत. मासे पाळायला इथे घरमालकाची परवानगी लागत नाही. परवानगी लागते ती वजनाला. टाकी दीड मीटर लांब, ६० सेंटीमीटर रुंद आणि तेवढीच उंच. पाणी, काच, वाळू, दगड, खालचं कपाट मिळून सातशे किलोंच्या वर. इथे राहत्या घराची जमीन धरतात चौरस मीटरला साधारण दीडशे ते दोनशे किलोंच्या हिशोबानं. म्हणून मालकांचं पत्र आलं: इमारतीच्या भाराचा हिशोब करणाऱ्या इंजिनिअरचा दाखला आणा. इंजिनिअर आला, बूट काढले, भिंत ठोकली, जुने नकाशे मागवले, आणि टाकी खिडकीजवळ नाही, या जाड भिंतीला लागूनच ठेवायची असं लिहून दिलं. त्याचे चारशे युरो. आई, गुणाकार करू नकोस. मी केला, चाळीस हजार रुपये होतात. त्या पैशात बाबांची विहीर उपसून, कठडा बांधून झाला असता.

मी इंजिनिअरला म्हटलं, गणपतीत ह्याच कोपऱ्यात बारा माणसं आरतीला उभी होती, ती काय कमी वजनाची होती? नितीनभावजी एकटेच दोन माणसांचे आहेत. त्यानं वही उघडली, पेन काढलं आणि गंभीरपणे विचारलं, "नाचत होती का?" मी विषय बदलला.

आत्याच्या गुडघ्याचं वाचलं. ऑपरेशन करायचं तर शिमग्याच्या आधी करू नका म्हणावं, पालखी दारात आल्यावर ती पलंगावर पडून राहणाऱ्यातली नाही. आणि शेजारच्या काकूंनी गडगा पुन्हा हातभर आपल्याकडे सरकवला हे कळलं. सरकू दे. बाबांनी मोजपट्टी घेऊन जाऊ नये.

आता खर्चाचं सांगते, म्हणजे तुम्हाला आपण किती श्रीमंत आहोत ते कळेल. इथल्या दुकानात बदामाची वाळलेली पानं मिळतात. आपल्या अंगणातला देशी बदाम, तोच. आई, तू ज्याला रोज सकाळी झाडू हातात घेऊन शिव्या घालतेस त्याची दहा पानं इथे पाच युरोला, पाकिटात बंद करून. पाण्यात टाकली की पाणी चहासारखं होतं आणि माशांना मानवतं. अमेझॉनच्या रिओ नेग्रो नदीचं पाणी तसंच काळसर आणि मऊ असतं, कार्डिनल तिथले. त्यांना चुन्याचं पाणी सोसत नाही. म्युनिकला मात्र १८८३ पासून मांगफालच्या खोऱ्यातलं पाणी येतं. प्यायला अमृत, पण चुनखडीतून आलेलं. किटलीला आठवड्यात पांढरी खपली धरते. म्हणून मंदारनं पाणी मऊ करायचं यंत्र बसवलं. ते एक बादली चांगलं पाणी देतं आणि त्याहून जास्त मोरीत सोडतं. एवढं सगळं करून शेवटी जे पाणी मिळतं ते जांभ्यातल्या आपल्या विहिरीत फुकट आहे.

जांभ्यावरून आठवलं. भोकाभोकांचे दगड इथे किलोवर विकतात. आणि रोटाला नावाची एक नाजूक, लालसर पाणवनस्पती कुंडीला सहा युरो देऊन आणलीय. बाबा, तिची भावंडं आपल्या भातखाचरात असतात. बेणणी करताना तुम्ही ती उपटून बांधावर फेकता. मंदार तिला लांब कात्रीनं कापतो, टोकं चिमट्यानं पुन्हा वाळूत खोवतो. हाच मंदार मला कोथिंबीर निवडून देत नाही.

विजेचं तर बोलूच नये. दिवे आठ तास, गाळणी आणि हीटर दिवसरात्र. दिवसाला साधारण शंभर रुपये फक्त माशांचे. वर झाडांना कार्बन डायऑक्साइड हवा म्हणून लोखंडी बाटला. सासूबाई व्हिडिओ कॉलवर तो बघून म्हणाल्या, "गॅसचं सिलिंडर दिवाणखान्यात का?"

आणि एवढं सगळं मांडून पहिले कित्येक आठवडे त्यात एकही मासा नव्हता! माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, तो विषारी. त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू आधी गाळणीत वस्तीला यावे लागतात. नायट्रेट पुढे झाडं खातात. ही साखळी बसेपर्यंत मासे सोडायचे नाहीत. शेजारी भेटीला यायचे, आम्ही त्यांना चहा द्यायचो आणि पाणी दाखवायचो. जर्मन माणसं सभ्य. "छान आहे" म्हणायची.

सगळ्यांत भाव खाऊन जातात ते डेनिसन बार्ब. अंगावर तांबडा पट्टा, खाली काळा, आणि पळायला पोलिसाच्या गाडीसारखे. केरळ-कर्नाटकातल्या घाटातल्या नद्यांचे मासे हे. २०१३ साली शास्त्रज्ञांनी त्यांच्या प्रजातीला सह्याद्रिया नाव दिलं. नदीतले फार पकडले गेल्यामुळे धोक्यात आलेत. आमचे टाकीत पैदास केलेले, दुकानदाराला चार वेळा विचारून घेतले. एकेक बारा युरो. आमचा अर्णव त्यांना "गाववाले" म्हणतो.

एक गोष्ट फोनवर सांगणार नव्हते. तळाशी फिरणारे कोरिडोरास नावाचे छोटे मिशाळ मासे आहेत. त्यांनी अंडी घालावीत म्हणून मंदारनं एका रात्री टाकीत थोडं गार पाणी झारीनं, वरून पावसासारखं सोडलं. बाहेर बर्फ. सकाळी काचेवर अंडी चिकटलेली. पावसाळा लागला असं वाटलं त्या बिचाऱ्यांना. पोरं नाचली, मंदार फोटो काढत बसला, आणि मी उगाच स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली. वलगण आठवली हो बाबा. पहिल्या पावसात नदीचे मासे पऱ्यानं वर चढायचे, तुम्ही पाग खांद्यावर टाकून निघायचात, मी बॅटरी धरायचे आणि दादा नुसता ओरडायचा. आई दारात उभी राहून "पोरीला ताप येईल" म्हणायची. आला नाही कधी. त्या दिवशी ऑफिसात बसून मी रत्नागिरीचा पाऊस बघत होते. फेब्रुवारीत.

असो. पार्सल पोचलं. मेतकूट फुटून कुळथाच्या पिठात मिसळलं, तरी पिठलं झकास झालं. फणसपोळी मंदारनं लपवली, मी शोधली. पुढच्या वेळी बदामाची पानं पाठवा असं तो तुला परस्पर फोन करून सांगेल. अजिबात पाठवायची नाहीत. त्या जागेत आमसुलं भर.

सुमीचं ठरलं हे छान झालं. मुलगा कमी बोलतो ही तक्रार काय आहे? आपल्या घरात कुणीतरी ऐकणारं नको का? मेमध्ये आम्ही नक्की येतोय. माशांना खायला घालायला खालच्या आजी तयार आहेत. फक्त त्यांचा हात तुझ्यासारखा सढळ आहे. म्हणून मंदार रोजच्या पुड्या बांधून, तारखा घालून देणार आहे. मोहोर तुडतुड्यांतून वाचला तर आमच्यासाठी दोन पेट्या ठेवा, कलमवाल्याला देऊन टाकू नका.

बाबांना एक सांग. मंदार पऱ्यावर एकटा जायला निघाला तर जाऊ द्यायचं नाही. त्यानं आत्ताच विचारलंय, विमानात ओला दगड चालतो का म्हणून.

पाइप सुटला. थांबते.

तुमची,
शमा