खुर्ची दोन इंच मागे

निवडणुका जवळ आल्या की वृत्तवाहिन्यांवर देहबोलीतज्ज्ञ उगवतात. व्यासपीठावर दोन नेते शेजारी बसलेले, आवाज बंद, आणि तज्ज्ञ पडद्यावर लाल वर्तुळ काढून सांगतात, "बघा, यांनी खुर्ची दोन इंच मागे घेतली. युती तुटणार!" खुर्चीचा पाय डुगडुगत असेल, साहेबांची कंबर धरली असेल, ही शक्यता चर्चेत येतच नाही. नाकाला हात लावला की माणूस खोटं बोलतोय, हा त्यांचा दुसरा सिद्धांत. सर्दीच्या दिवसांत त्याने अख्खा महाराष्ट्र आत जाईल.

या मंडळींचा लाडका आकडा ९३ टक्के. संवादातला इतका अर्थ म्हणे शब्दांच्या बाहेर असतो. अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञांच्या १९६७ च्या प्रयोगांवरून तो उचललाय. ते प्रयोग भावना आणि आवडनिवड यांपुरतेच होते, हे स्वतः मेहराबियन सांगत आले. ऐकतो कोण? आणि ९३ टक्के खरंच शब्दांबाहेर असेल, तर हे सांगायला तज्ज्ञ अर्धा तास तोंड का चालवतात?

अमेरिकेने हाच खेळ विमानतळांवर सरकारी पगारात मांडला. प्रवाशांचे हावभाव न्याहाळून संशयित हेरायचे. २००७ पासून त्यावर सुमारे ९० कोटी डॉलर गेले. २०१३ मध्ये तिथल्याच सरकारी लेखापरीक्षकांनी लिहिलं की हावभावांवरून लबाडी ओळखण्याची माणसाची कुवत निव्वळ योगायोगाइतकी, फार तर किंचित बरी.

त्यापेक्षा एखाद्या डोंबिवलीकराला नेमायचं! संध्याकाळच्या फास्ट लोकलमध्ये दोन बाकांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत उभा राहून तो बसलेल्यांचं जे वाचन करतो, त्याला तोड नाही. काढून ठेवलेल्या चपला पायाने चाचपल्या, की घाटकोपर. रॅककडे नुसती नजर गेली, तर अजून अवकाश आहे. मालिका मध्येच थांबवून इअरफोन खिशात गेले, की आपला गुडघा आत सरकवायचा. बॅगेची चेन लावणारा मात्र बेभरवशाचा. तो चेन लावतो, बॅगेवर डोकं टेकतो आणि थेट बदलापूरला जागा होतो. चौथ्या सीटवर अर्धा टेकलेल्याचं तर वाचनच करायचं नाही, तो उतरतोय की पडतोय हे त्यालाही ठाऊक नसतं.

इथे अंदाज चुकला तर शिक्षा जागच्या जागी. डोंबिवलीपर्यंत उभं. टीव्हीवरच्या तज्ज्ञाची युती मात्र पाच वर्षं सुखाने नांदली, तरी पुढच्या निवडणुकीला लाल वर्तुळासह तो हजर. त्याला एकदा सव्वासहाच्या गर्दीत सोडायला हवं, परीक्षा म्हणून.

लेडीज डब्यात हे शास्त्र कधीच मोडीत निघालंय. तिथे कुणी कुणाच्या चपला बघत बसत नाही.

"कुठे उतरणार?"

"ठाणा."

"मग तुमची जागा माझी हं."

"अहो, ती त्या हिरव्या ओढणीवाल्या ताईंना देऊन झाली, दादरलाच. त्यांच्यानंतर कोण, ते त्यांनाच विचारा."