शून्य म्हंजे चालू

पुसदला आमचं इंजिनिअरिंग कॉलेज निघालं १९८३ साली. इंटेलनं ८०५१ ही चिप काढली १९८० साली. म्हणजे ही चिप त्या कॉलेजापेक्षा तीन वर्षांनी थोरली. एवढ्या वडीलधाऱ्या बाईशी सी भाषेत बोलणं बरं दिसत नाही, तिच्याशी तिच्याच असेंब्लीत बोलावं, असं माझं मत होतं. हे मत ऐकायला वर्गात कुणी थांबलं नाही.

शेवटच्या वर्षाला मला प्रोजेक्ट हवा होता आणि आर्णीकडच्या मामांना विहिरीवरच्या पाच एचपीच्या मोटरीसाठी ‘ऑटो’ हवा होता. ऑटो बाजारात तयार मिळतो, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. पण बाजारातला ऑटो प्रोजेक्ट म्हणून दाखवता येत नाही, आणि भाच्यानं केलेल्या ऑटोचे पैसे द्यावे लागत नाहीत. व्यवहार जमला.

ऑटोचं काम एवढंच, की लाईन आली की मोटर आपोआप सुरू करायची. शेतीची थ्री-फेज पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री, आणि हरभऱ्याला पाणी द्यायला रात्री दोन वाजता धुऱ्यानं चालत जाण्याची हौस कुणालाच नसते. भानगड अशी, की एका डीपीवरच्या, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्यांकडेच ऑटो. लाईन आली रे आली, की साऱ्या मोटरी एकाच क्षणी उठतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढते. व्होल्टेज बसतं, आणि एखाद्या दिवशी डीपीच बसते. म्हणून ऑटो काढा, कॅपॅसिटर लावा, असं महावितरण शेतकऱ्यांना सांगत असतं. आमचा ऑटो सभ्य असणार होता. लाईन आल्यावर पाच मिनिटं थांबणार, तीनही फेज पाहणार, विहिरीत पाणी आहे का ते विचारणार आणि मगच मोटर लावणार.

मामांनी सातवीनंतर शाळा सोडली होती. पण ‘आपल्या मोटरीले हात लावणारा काय करून राह्यला हे आपल्याले समजलं पाह्यजे’ या तत्त्वावर ते बाजेवर बसून प्रोग्रामची ओळ न् ओळ विचारत. पेटीतल्या ८०५१ ला चार पोर्ट, प्रत्येकाला आठ पाय. पोर्ट एकवर तीन फेज आणि पाण्याचा फ्लोट, पोर्ट दोनवर रिले. पोर्ट शून्याला बाहेरून रेझिस्टरचा टेकू दिल्याशिवाय त्याच्याच्यानं ‘एक’ म्हणवत नाही, म्हणून त्याला आम्ही कामालाच लावलं नाही.

पहिलीच ओळ : मूव्ह पी-वन, शून्य-एफ-एफ-एच.

“हे पुढचं शून्य कायले?”

आकडा अक्षरानं सुरू झाला तर असेंब्लर त्याला कुणाचं तरी नाव समजतो, आणि असा कुणी इथं राहत नाही म्हणून काम थांबवतो, असं मी सांगितलं. मामांना ते पटलं.

“आन् पोर्टानं ऐकाचं हाय ना? मंग त्याच्यावर लिहून काहून राह्यला?”

हा प्रश्न भल्याभल्यांना तोंडी परीक्षेत घाम फोडतो. या चिपमध्ये ‘हा पाय ऐकायचा, तो बोलायचा’ असं ठरवणारं वेगळं रजिस्टर नाही. पायामागच्या लॅचमध्ये शून्य असेल तर आतला ट्रान्झिस्टर पायाला जमिनीशी बांधून ठेवतो. मग बाहेर काहीही होवो, वाचल्यावर शून्यच मिळणार. एक लिहिला की तो ट्रान्झिस्टर सोडतो, आणि तेव्हा कुठे बाहेरचं आत कळतं.

“म्हंजे आधी त्याची जिद्द सोडवा लागते,” मामा म्हणाले. एवढ्या कमी शब्दांत हे पुस्तकात नाही.

खरी चकमक रिलेवर झाली. या पायांचा स्वभाव मोठा व्यवहारी. आमची चिप ८०५१ च्याच घराण्यातली एटी८९सी५१; तिचा पाय बाहेर करंट देतो तो जेमतेम ६० मायक्रोअँपिअर, पण आत घ्यायचा म्हटला तर १० मिलिअँपिअरपर्यंत घेतो. लग्नातला आहेर देता-घेतानाच एवढी तफावत मी पाहिली आहे. शिवाय रीसेट झाल्यावर सगळ्या पोर्टांवर आपोआप एक येतो. आणि आमची पेटी शेताच्याच लाईनवर, म्हणजे लाईन येणं हाच रीसेट. एकवर मोटर चालू असं ठरवलं असतं, तर प्रोग्रामची पहिली ओळ उजाडायच्या आत रिलेनं स्टार्टर ओढला असता. म्हणून उलटं केलं. सीएलआर, म्हणजे पायावर शून्य, की मोटर चालू; सेटबी, म्हणजे एक, की बंद.

“शून्य म्हंजे चालू?” मामांनी चष्मा काढला. “मंग तुह्या निकालाचंही तुह्या मायले असंच समजावून सांगत जा.”

पाच मिनिटं थांबायचं म्हणजे चिपला उलटी मोजणी करत बसवायचं. १२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर डीजेएनझेड या उलट्या मोजणीच्या सूचनेची एक फेरी दोन मायक्रोसेकंदांची. रजिस्टरात शून्य भरलं तर २५६ फेऱ्या होतात. असे तीन लूप एकात एक घातले की साडेतेहतीस सेकंद. त्यांच्यावर चौथा, आर-फोर, त्यात नऊ. झाली पाच मिनिटं. तेवढा वेळ चिप दुसरं काहीही करत नाही. कॉलेजात याला प्रोसेसरच्या वेळेची नासाडी म्हणतात. मामा म्हणाले, “लाईनची वाट पाहाची त असीच पाहा लागते.”

पेटी चालली. इतरांच्या मोटरी अंधारात एकदम हुंकारायच्या, बल्ब पिवळा पडायचा, आणि सारं स्थिरावल्यावर मामांची मोटर सावकाश, घरंदाजपणे सुरू व्हायची. धुऱ्याला धुरा लागून असलेल्या दादारावांनी हे आठवडाभर पाहिलं आणि तशीच पेटी मागितली. एकच अट घातली : त्यांची मोटर मामांच्या आधी लागली पाहिजे. मी त्यांच्या आर-फोरमध्ये सात भरले.

चार दिवसांनी रात्री मामांचा फोन.

“दादारावच्या आर-फोरमंधी किती टाकले तू?”

“सात.”

“माह्यात तीन टाक.”

मी म्हटलं, चिप काढावी लागेल, पुसून परत लिहावी लागेल. शिवाय असं प्रत्येकानं कमी करत नेलं तर पुन्हा साऱ्या मोटरी एकाच वेळी लागतील. मग ही पेटी आणि बाजारातला ऑटो यांत फरक काय?

“हजार खेपा पुसता येते म्हने ना थे चिप?” मामा म्हणाले. “आतालोक एकच खेप झाली.”