जुना ट्रान्सफॉर्मर सांभाळण्याचे सोपे मार्ग (फक्त नवशिक्यांसाठी)

अभिनंदन. 400 केव्ही उपकेंद्रात देखभालीवर तुमची नेमणूक झाली आहे. पदभार घेताना ज्या यादीवर न वाचता सही केलीत, तिच्यात सहा खुर्च्या आणि एक नादुरुस्त वॉटर कूलर यांच्यामध्ये 105 एमव्हीएचे तीन ट्रान्सफॉर्मर आणि एक रिअ‍ॅक्टर आहे. तिघं मिळून 315 एमव्हीएची एक बँक. यार्डाच्या कडेला चौथा एकटा उभा आहे तो स्पेअर, त्याच्याकडे अजून बघू नका.

आधी पाटी वाचा. तिच्यावरचं उत्पादनाचं साल तुमच्या जन्मसालाच्या आधीचं असेल तर दचकू नका, तसंच असतं. टाकीवर ‘म.रा.वि.मं.’ अशी अक्षरं असतील. विद्युत मंडळ 1960 साली स्थापन झालं, 2005 साली त्याच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या आणि हे यार्ड महापारेषणकडे आलं; रंगाऱ्याला मात्र कोणी कळवलं नाही. केंद्रीय वीज नियामक आयोगाचे दरनियम उपकेंद्राचं उपयुक्त आयुष्य 25 वर्षं धरतात. म्हणजे हिशेबाच्या वहीत तुमचा ट्रान्सफॉर्मर केव्हाच संपला आहे आणि जिल्ह्यात त्याच्यावाचून पान हलत नाही. तुमची नोकरी या दोन वाक्यांच्या मध्ये आहे.

आत काय आहे ते थोडक्यात. पोलादी पत्र्यांचा गाभा, तांब्याची वाइंडिंग, त्या तांब्यावर गुंडाळलेला कागद आणि हे सगळं बुडवून ठेवणारं हजारो लिटर तेल. तेल बदलता येतं. पंखे, पंप, बुशिंग, टॅप चेंजरचे संपर्क बदलता येतात. कागद बदलायचा तर ट्रान्सफॉर्मर कारखान्यात नेऊन नव्याने गुंडाळावा लागतो. कागदाच्या धाग्यातली रेणूंची साखळी नवी असताना हजारएक कड्यांची असते. ती तुटत तुटत दोनशेच्या आसपास आली की कागद हाताने चुरगळतो. तापमान दर सहा अंशांनी वाढलं की ही तुटातूट साधारण दुप्पट वेगाने होते. पाणी शिरलं तर विचारूच नका. घरी लोणच्याच्या बरणीला आई ओला चमचा लागू देत नाही आणि तोंडाला दादरा बांधते, त्यामागचं शास्त्र इथे जसंच्या तसं लागू आहे. फरक एवढाच की बुरशी आली म्हणून ही बरणी ओतून देता येत नाही.

दादऱ्याच्या जागी इथे ब्रीदर आहे. दिवसा तेल फुगतं, रात्री आकसतं, आणि आकसताना आत जाणारी हवा सिलिका जेलमधून गाळून जाते. जेल निळं असतं, ओलाव्याने गुलाबी होतं. (नव्या प्रकारच्या जेलचा रंग नारिंगी असतो, तेवढ्यावरून बऱ्याच तक्रारी आल्या आहेत.) गुलाबी रंग यार्डात शोभून दिसत असला तरी बदला. आणि बदलण्याआधी नीट बघा: जेल खालून वर गुलाबी होत गेलं असेल तर ब्रीदर आपलं काम करतो आहे. वरून खाली होत असेल तर हवा दुसऱ्याच कुठल्या फटीतून जाते आहे, आणि तुम्ही दर महिन्याला जेल बदलून काही उपयोग नाही. खालच्या वाटीत तेल आहे ना, हेही बघून घ्या. ती वाटी रिकामी राहण्याची परंपरा मोठी आहे.

आता लॉगशीट. दर तासाला तेलाचं आणि वाइंडिंगचं तापमान लिहायचं असतं. अनुभवी उपकेंद्रात तापमान फार शिस्तीचं असतं: रात्री दहा वाजता 52 लिहिलं की पहाटे सहापर्यंत 52च राहतं, बाहेर पाऊस पडो की लोड निम्मं होवो. असं लॉगशीट दिसायला सुंदर असतं आणि तपासणीत त्याबद्दल कोणी विचारत नाही. तुम्हाला विचारावंसं वाटलं तर टाकीवरचा काटा आणि कंट्रोल रूममधला आकडा शेजारीशेजारी ठेवून बघा. मग तिन्ही युनिटचे आकडे एकमेकांशी ताडून बघा. लोड तेच, ऊन तेच, आणि वाय फेज आठ अंशांनी गरम? रेडिएटरला खाली हात लावा. एखादा गार लागला तर त्याचा व्हॉल्व्ह मागच्या दुरुस्तीत बंद केला होता आणि उघडायचा राहून गेला आहे. हे शोधायला कुठलंही यंत्र लागत नाही, त्यामुळे ते कोणी शोधत नाही.

गळती. जुन्या ट्रान्सफॉर्मरला घाम येतो असं म्हणायची पद्धत आहे. गॅस्केट कडक झालेलं असतं; बोल्ट आणखी आवळला की ते चिरडतं आणि घामाची धार होते. मग एम-सील लावतात, त्यावर रंग देतात. वरिष्ठांचा दौरा ठरला की सगळ्या यार्डाला रंग मिळतो: रेडिएटर, अर्थिंगच्या पट्ट्या, आणि घाईत असेल तर तेलाच्या पातळीची काचसुद्धा. काच मात्र त्याच संध्याकाळी खरवडून काढा.

तेलाची गॅस तपासणी हा या पेशातला खरा विषय आहे, म्हणून इथे जरा थांबू. प्रचलित पद्धत अशी: खालचा व्हॉल्व्ह उघडावा, नळीत वर्षभर साचलेलं पहिलं तेल तेच सिरिंजमध्ये भरावं, सोबत हवेचा एक बुडबुडा घ्यावा, सिरिंज दोन दिवस जीपच्या काचेशी उन्हात ठेवावी आणि आर फेजचं लेबल बी फेजला लावावं. यानंतर अहवाल कसाही आला तरी त्यावर विश्वास ठेवायचं बंधन राहत नाही. एखाद्याने आधी तेल वाहू दिलं, बुडबुडा काढला आणि सिरिंज अंधारात पाठवली, तर मात्र अडचण होते. कारण मग आकडे खरे असतात.

आकडे असे वाचतात. हायड्रोजन एकटाच वाढला तर आत कुठे तरी बारीक विद्युत विसर्जन चालू आहे. इथिलीन वाढलं तर एखादा जोड तापून तेल भाजतो आहे. कार्बन मोनॉक्साइड कागदाकडे बोट दाखवतो. ॲसिटिलीन म्हणजे ठिणगी, आणि ते दिसलं की चहा ठेवून उठायचं. पण उठल्यावर आधी टॅप चेंजर आठवा. त्याच्या डायव्हर्टर स्विचमध्ये दर टप्प्याला ठिणगी पडते, तिथल्या तेलात ॲसिटिलीन असणारच. मधलं सील गळत असेल तर ते मुख्य टाकीत येतं आणि एक निरोगी ट्रान्सफॉर्मर अहवालात मरणासन्न दिसतो.

हायड्रो-क्युबेकच्या मिशेल दुवाल यांनी 1970च्या दशकात मिथेन, इथिलीन आणि ॲसिटिलीन यांच्या प्रमाणावरून एक त्रिकोण मांडला. नवशिक्यांना तो फार आवडतो, कारण त्यात टिंब टाकलं की दोषाचं नाव मिळतं. गंमत अशी की त्रिकोण फक्त प्रमाण बघतो, त्यामुळे धडधाकट ट्रान्सफॉर्मरचे नगण्य आकडे घातले तरी तो एक आजार सांगतोच. म्हणून आधी मागचे अहवाल काढा आणि गॅस वाढतो आहे का, किती वेगाने, ते बघा. मागचे अहवाल सापडत नाहीत, हा या पायरीवरचा नेहमीचा अडथळा.

वाईट अहवालावर सर्वमान्य उपाय म्हणजे फिल्ट्रेशन. निर्वाताचं यंत्र येतं, तेल गरम होऊन फिरतं, त्यातलं पाणी आणि वायू निघून जातात. अडीच मिलिमीटरच्या फटीत तेल किती केव्ही सहन करतं ही चाचणी आधी पन्नासच्या खाली घुटमळत होती, ती आता झोकात सत्तर पार करते. ॲसिटिलीन शून्य. सगळे एकमेकांचं अभिनंदन करतात. वाइंडिंगचा तापलेला जोड होता तिथेच आहे, फक्त त्याच्याविरुद्धचा सगळा पुरावा तुम्ही स्वतः पंपाने बाहेर काढला. पाण्याचंही तसंच. ट्रान्सफॉर्मरमधलं बहुतेक पाणी कागदात असतं, तेलात नव्हे. काही आठवड्यांत कागद ते पुन्हा तेलात सोडतो. माझं मत विचाराल तर फिल्ट्रेशनच्या आदल्या दिवशी नमुना न घेणाऱ्याला यंत्राचं भाडं पगारातून कापावं.

बुशिंगची टॅन डेल्टा चाचणी करताना टेस्ट टॅपचं झाकण काढावं लागतं. ते परत लावा. हा विनोद नाही. चालू बुशिंगचा तो टॅप जमिनीशी जोडलेला असायला हवा; झाकण राहिलं तर माणसं घरी जेवत असताना पोर्सिलीनचे तुकडे यार्डभर होतात.

आता रिअ‍ॅक्टर. तो ट्रान्सफॉर्मरसारखाच दिसतो आणि कोणालाच वीज देत नाही, म्हणून त्याच्याकडे पाहुणे बघत नाहीत. चंद्रपूर-कोराडीकडून पश्चिमेला येणाऱ्या लांब 400 केव्ही लाइनवर लोड कमी झालं की ती कपॅसिटरसारखी वागते आणि टोकाचा व्होल्टेज चढतो. 420च्या वर जाऊ द्यायचा नसतो. तो चढ रिअ‍ॅक्टर गिळतो. ट्रान्सफॉर्मरला रात्री तरी लोड उतरतं. रिअ‍ॅक्टर जोडला की पूर्ण भारावर, जोडलेला असेपर्यंत. गाभ्यात मुद्दाम फटी ठेवलेल्या असतात, त्यामुळे तो सेकंदाला शंभर वेळा थरथरतो आणि हळूहळू स्वतःचेच बोल्ट सैल करतो. रोज त्याच्याजवळून जा. आवाज बदलला तर ते तुम्हालाच कळेल, लॉगशीटमध्ये आवाजाचा रकाना नाही.

या सगळ्याला आउटेज लागतो, म्हणजे यंत्र बंद ठेवायची लोड डिस्पॅचची परवानगी. ती कशी मिळवावी याचं कॅलेंडर असं. एप्रिल-मे: लोड शिखरावर आहे, ट्रान्सफॉर्मर मिळणार नाही, रिअ‍ॅक्टर घ्या. पण तुमची माणसं तापलेले जोड शोधत यार्डभर फिरत आहेत. जून ते सप्टेंबर: शेतीपंप बंद, व्होल्टेज चढलेला, रिअ‍ॅक्टर मिळणार नाही; ट्रान्सफॉर्मर घ्या. पण दमट हवेत बुशिंगची चाचणी करून मिळणारे आकडे लोड डिस्पॅचही मानत नाही आणि तुम्हीही मानू नका. मग गणपती. मग नवरात्र, ऑक्टोबरचा उकाडा, दिवाळी. नोव्हेंबरपासून रब्बीचे पंप सुरू. फेब्रुवारीत बारावीची परीक्षा, पाठोपाठ दहावीची, त्यातच मार्चअखेर. खंडेनवमीला मात्र ट्रान्सफॉर्मरला हार, हळदकुंकू आणि नारळ मिळतो, तोही चालू अवस्थेत. हार लांबूनच घाला.

पहिल्या पावसाची तयारी वेगळी करा. टाकी आणि कन्झर्व्हेटर यांच्यामधल्या नळीत बुकोल्झ रिले असतो. आत वायू साठला की आधी अलार्म, तेल जोरात उसळलं की थेट ट्रिप. माक्स बुखहोल्ट्स या जर्मन गृहस्थाने 1921 साली पेटंट घेतलेली ही वस्तू अजून बदलायची गरज पडलेली नाही. तिच्या वायरिंगच्या डबीत पाणी शिरलं की ट्रान्सफॉर्मर विनाकारण बंद पडतो, म्हणून वर पत्र्याची छत्री लावतात. छत्री नसेल तिथे दुधाची पिशवी बांधलेली दिसेल. धोका पुढे आहे. तीनदा पाण्याने ट्रिप झालं की चौथ्यांदा सगळे पाणीच समजतात आणि ‘चार्ज करून बघू’ म्हणतात. बघू नका. रिलेतला वायू काढा, आत वायू आहे की नाही एवढं तरी कळल्याशिवाय फोनवरच्या कोणत्याही साहेबाला हो म्हणू नका.

आता स्पेअरकडे बघायला हरकत नाही. त्याचे दोन पंखे आर फेजवर आहेत, ब्रीदर बी फेजवर, आणि तापमानाचा काटा कुठे गेला ते विचारू नये. काम नसलेला ट्रान्सफॉर्मर गरम होत नाही, त्यामुळे न वापरता ओलसर होतो. जेल, तेल, चाचण्या यांची गरज त्याला चालणाऱ्याइतकीच असते, पण लॉगशीट नसते. उसने नेलेल्या भागांची एक यादी त्याच्याच मार्शलिंग बॉक्समध्ये चिकटवा.

ट्रान्सफॉर्मर बदलण्याचा प्रस्ताव पाठवलात तर मंजुरी येईलही. मग निविदा, मग कारखान्यातली रांग, मग ट्रेलरच्या वाटेवरचा एखादा पूल, मग जुन्या पायावरच्या रुळांचं अंतर नव्या चाकांना जुळत नाही असा शोध. तेवढ्या काळात वाय फेजच्या इथिलीनचे किमान चार अहवाल यायला हवेत. पहिल्यासाठी सिरिंज आजच मागवा, भांडारात असतील त्या फुटक्या आहेत.