एडिसनमधलं सोवळं

एडिसन, न्यू जर्सी
रविवार

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

मुलांच्या परीक्षा, बर्फ वगैरे फोनवर झालंच आहे. पण फोनच्या वेळी तुमचे चिरंजीव शेजारीच बसलेले असतात, म्हणून राहिलेलं कागदावर.

ते घरी बिअर करतात. बाबा, घाबरू नका. आपल्याकडे १९४९चा दारूबंदी कायदा, साधं प्यायलाही परवाना लागतो. इथे १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टरसाहेबांनी कायद्यावर सही केली आणि लोकांना घरी बिअर करायची मोकळीक मिळाली. दोन मोठी माणसं असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटर. त्यातला अर्धा कोटा माझा, हे मला आत्ता कळतंय.

साधी बिअर असती तर मी पत्र लिहायला बसले नसते. हे पडले बेल्जियमच्या आंबट बिअरच्या नादी. उशाशी फिल मार्कोव्हस्कीचं 'फार्महाउस एल्स', जेफ स्पॅरोचं 'वाइल्ड ब्रूज', त्यावर टॉन्समायरचं 'अमेरिकन सावर बिअर्स'. दहावीच्या पुस्तकांवर एवढ्या खुणा होत्या का हो, आई?

ब्रुसेल्सच्या कांतियों कारखान्यात म्हणे उकळलेला रस रात्रभर पसरट, उघड्या हौदात ठेवतात. हवेतले जंतू येऊन पडतात आणि तेच तो आंबवतात. तिथे कोळिष्टकंही काढत नाहीत, कोळी माश्या खातात म्हणून. हे वाचल्यापासून आमच्या बेसमेंटमध्ये झाडू फिरलेला नाही. ब्रेटानोमायसेस नावाचं यीस्ट आहे, त्याने बिअरला घोड्याच्या घोंगडीचा वास येतो आणि जाणकार त्याला दाद देतात! माथेरानला वास येतो म्हणून हेच घोड्यावर बसले नव्हते ना?

आणि हे सगळं मुरायला वर्ष-दोन वर्षं. मुलुंडला समोर स्लो लोकल उभी असताना फास्टसाठी जिना चढून पळणारा माणूस, रोज टॉर्च घेऊन नुसता बरणीकडे बघत बसतो.

पण खरी गंमत पुढेच. हे यीस्ट प्लॅस्टिकच्या ओरखड्यांत दडून बसतं आणि साध्या बिअरला बाटवतं. म्हणून आंबट बिअरची बादली, नळी, बुचं सगळं वेगळं. लाल टेप म्हणजे ओवळं, निळी टेप म्हणजे सोवळं. परवा मी लाल नळी निळ्या बादलीवर ठेवली, तर केवढ्याने ओरडले, "शिवलीस?" गणपतीत तुमच्या सोवळ्याची टिंगल करत नैवेद्याच्या पातेल्यात बोट घालणारे हेच!

आता क्रीक नावाच्या बिअरमध्ये आंबट चेरी घालतात, म्हणून यांना आमसुलं घालून बघायची आहेत. तेव्हा मे महिन्यात येताना दोन पुड्या आणा, वेगवेगळ्या बांधून. एक माझ्या सोलकढीची.

दुसरीला मुलुंडहूनच लाल टेप लावा.

तुमची,
सूनबाई