विहिरीतली सॉव्हिन्याँ

माझं नाक चष्मा टेकवण्यापुरतंच दिलेलं आहे, असं घरच्यांचं मत आहे. गेली तीस वर्षं मला बारमाही सर्दी. दूध करपलं हे मला शेजारी येऊन सांगतात. अशा माणसाला उंची वाइन चाखायला नेणं म्हणजे एकादशीला उपाशी माणसाला वाढपी नेमणं. तरी मला दरवर्षी नेतात, कारण खर्चाला चाराने भागायला मी लागतो.

बाकीचे तिघे असे. बापू, ज्याच्या काकू रत्नागिरीत राहतात. वकील, जो काहीही पिताना कलम सांगतो. आणि तज्ज्ञ. तज्ज्ञ माझ्याबरोबर बँकेत होता तोवर गुळाचा चहा पिणारा सरळ माणूस होता. स्वेच्छानिवृत्ती घेतली, नाशिकला दोन दिवसांचं वाइनशिबिर केलं आणि बिघडला. आता तो वाइन चांगली आहे असं म्हणत नाही. ‘बंद आहे’, ‘उघडतेय’, ‘अजून बोलत नाहीये’ असं म्हणतो. मुलीचं स्थळ बघायला गेल्यासारखं.

या खेपेला त्याच्याकडे दोन खास बाटल्या होत्या. दोन्ही सॉव्हिन्याँ ब्लाँ, म्हणजे पांढरी वाइन. एक नाशिकची, एक त्याच्या भाच्याने न्यूझीलंडहून आणलेली. रत्नागिरीत काकूंकडे दोन्ही शेजारी ठेवून चाखायच्या आणि नाशिक कुठवर पोचलं ते ठरवायचं, असा बेत. नाशिकबद्दल तो हळवा होतो. नारायणगावला श्याम चौगुले यांनी १९८०च्या दशकात फेसाळती वाइन काढून थेट फ्रेंचांना पाजली, २००० साली नाशिकच्या सुला कंपनीची पहिली बाटली बाजारात आली, २००१मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं, हे तो वंशावळ सांगितल्यासारखं सांगतो. युरोपात द्राक्षं उन्हाळा सरताना, शरदात उतरवतात. आपल्याकडे पाऊस संपल्यावर छाटणी आणि तोडणी जानेवारी ते मार्च, म्हणजे थंडीत. हे मला खरंच आवडलं. दोन मुलखांचं एकच पीक आणि पंचांग उलटं.

बाटल्यांना ऊन सोसत नाही. त्यामुळे पुण्याहून कराड, मलकापूर, आंबा घाट, साखरपा असा सगळा प्रवास गाडीतला पुढचा थंड वारा बाटल्यांना आणि मागचा उकाडा मला, अशी वाटणी झाली. माझे पाय आंब्याच्या रिकाम्या पेट्यांवर होते. घाटात मी काच खाली करायला सांगितली तर तज्ज्ञ म्हणाला, “तापमान हलेल.” माझं हलत होतं त्याचं काही नाही.

पाली येईपर्यंत वकिलाने आपला मद्यसेवनाचा परवाना सगळ्यांना दाखवला. मुंबई दारूबंदी कायदा १९४९चा, तो अजून लागू आहे, आणि महाराष्ट्रात प्यायला रीतसर परवाना लागतो. वकिलाचा आजन्म आहे, प्लास्टिकच्या वेष्टनातला. मी म्हटलं, रत्नागिरीत ‘आजन्म’ हा शब्द जपून वापर. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६मध्ये इथे आणून ठेवलं, तो १९१६मध्ये इथेच वारला. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा तयार झाला १९१०च्या सुमारास. म्हणजे तीस वर्षं मुक्काम आणि घराचा ताबा शेवटची पाच-सहा वर्षं. पुण्यात फ्लॅट घेतलेल्या माणसाला या राजाचं दुःख वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

प्रेक्षणीय स्थळांचं म्हणाल तर तो राजवाडा गाडीतून पाहिला, टिळकांचं जन्मघर वाटेत बंद होतं, पतितपावन मंदिराशी गाडी उभी करायला जागा नव्हती आणि रत्नदुर्ग “उद्या बघू” या यादीत गेला, जिथे तो गेली चार वर्षं आहे.

भाट्याच्या किनाऱ्यावर मात्र उतरलो. सुरूच्या बनात बसायला जागा शोधताना माझ्या चपलेत काच घुसली. बिअरच्या बाटलीची. आजूबाजूला आणखी दहा-बारा, कुणीतरी दगडावर नेमाने फोडलेल्या. मला संताप आला. येतात, पितात, समुद्राला नावं ठेवतात आणि फुटलेली काच वाळूत सोडून जातात. संध्याकाळी तिथेच पोरं अनवाणी खेळतात. आम्ही चौघे पन्नाशीपुढचे बाप्ये काचा वेचत बसलो. पिशवीभर निघाल्या. गाडीत आमच्याही बाटल्या होत्या, याची त्या वेळी थोडी लाज वाटली.

काकूंचं घर पावसच्या रस्त्याला, जांभ्या चिऱ्याचं. मागे पोफळी, पुढे खळं, बाजूला विहीर. काकू सत्तरीच्या पुढच्या, एकट्या राहतात आणि समोरच्याचं ऐकायच्या आधी उत्तर देतात.

“पिशवीत काय आहे रे, बापू?”

“द्राक्षांचं सरबत, काकू.”

“बरं. हातपाय धुवा, पानं वाढते.”

जेवायला आमरस होता. त्यावर तज्ज्ञाने हट्टाने, दार लोटून, एक साधी लाल वाइन चव जुळते का बघायला काढली. नियम असा की जेवण गोड असेल तर वाइन त्याहून गोड हवी, नाहीतर ती आंबट लागते. हापूसहून गोड काय असणार? ती वाइन चिंचेच्या कोळासारखी लागली. तज्ज्ञ म्हणाला, “रागावलीय.” मला आमरसही लागला नव्हता आणि वाइनही, फक्त दोन्हींचं तापमान कळलं.

खऱ्या बाटल्या संध्याकाळसाठी होत्या. पांढरी वाइन आठ-दहा अंशांवर प्यायची असते. दुपारी तीनला वळवाचा वारा सुटला, तारेवर फांदी पडली आणि वीज गेली. फ्रिज बंद. तसाही त्यात नैवेद्याचं दूध होतं आणि काकूंनी सरबताला तिथे प्रवेश दिला नसता.

“विहीर!” बापू म्हणाला. “आजोबा कलिंगड विहिरीत सोडायचे.”

विहीर पंचेचाळीस फूट, जांभ्यात खोदलेली. वर्षाला तीनेक हजार मिलीमीटर पाऊस पिणाऱ्या या जिल्ह्यात मे महिन्यात तळाला पुरुषभर पाणी उरतं. जांभा चाळणीसारखा असतो, तो पाणी धरून ठेवत नाही. बाटल्या जाळीच्या पिशवीत घातल्या, पिशवीला दोर बांधला. गाठ मी मारली. शाळेत मी बालवीर होतो. चार प्रकारच्या गाठी यायच्या. त्यातली कुठली कशासाठी, एवढंच विसरलो होतो.

पिशवी खाली गेली. दोर हलका झाला. मग तळातून ‘डुबुक’ असा एक सभ्य आवाज आला.

कोणीच बोललं नाही. तज्ज्ञाने पोहऱ्याने पाणी काढलं, खिशातला थर्मामीटर त्यात बुडवला आणि तो म्हणाला, “सत्तावीस.”

म्हणजे बुडाल्या नसत्या तरी गार झाल्या नसत्या. विहिरीचं पाणी त्या गावच्या वर्षभराच्या सरासरी हवेइतकंच असतं. उन्हाळ्यात पुणेकराला ते गार लागतं, कारण पुणेकर तापलेला असतो.

बापूने माळ्यावरून गळ काढला. गळ म्हणजे लोखंडी आकड्यांचा झुबका. पडलेली बादली काढायला कोकणात घरोघर असतो. आम्ही आळीपाळीने तो टाकला. वर काय आलं? एक पत्र्याची बादली, बुडाशिवाय. एक प्लास्टिकचा मग. शेवाळलेली चप्पल, एकच. तेवढ्यात गळाचा आवाज ऐकून वाडीतली माणसं जमली. विहिरीत काही पडलं की कोकणात कुणाला बोलवावं लागत नाही.

“काय पडलंय?”

“पिशवी,” बापू म्हणाला.

“पिशवीत काय?”

बापू आकाशाकडे बघू लागला. वकील पुढे झाला आणि अकारण म्हणाला, “आमच्याकडे परवाना आहे.”

काकू मागेच उभ्या होत्या. “सरबताला परवाना कधीपासून लागायला लागला रे?” असं म्हणाल्या, आणि शेजारच्या एका पोराला हाक मारून म्हणाल्या, “उतर रे. सांभाळून हं. काच आहे.”

पोरगा चिऱ्यातल्या खोबणींवर पाय देत माकडासारखा खाली गेला. बुडी मारली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा वर येऊन ओरडला, “पिशवी गावली! आणि कपारीत काहीतरी अडकलंय, जड!”

पिशवी आली. मागोमाग दोराला बांधून एक काळी-हिरवी, चिखलाने भरलेली कळशी आली.

आम्ही बाटल्यांकडे धावलो. फुटल्या नव्हत्या, पण दोन्हींची लेबलं गळून गेली होती. काकू कळशीकडे बघत होत्या. त्यांनी ती कडेला घेतली आणि कुणाशी न बोलता आत गेल्या.

बऱ्याच वेळाने मी पाणी प्यायला मागल्या दारी गेलो तर त्या उकिडव्या बसून आमसुलाने आणि मिठाने कळशी घासत होत्या. काळ्यातून लालसर तांबं उघडत होतं. काठाखाली ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेली अक्षरं एकेक करून वर येत होती. आधी ‘सौ.’, मग नाव. त्यांच्या सासूबाईंचं.

“एकाहत्तरला लग्न होऊन आले,” त्या मान वर न करता म्हणाल्या. “दुसऱ्या वैशाखात ही विहिरीत पडली. गळ टाकला, मिळाली नाही. सासूबाई म्हणाल्या, पडली कसली, हिने माहेरी धाडली. शेवटच्या आजारातही मला म्हणाल्या, अगं, आता तरी खरं सांग.”

मी काय बोलणार? नाक ओढलं. आणि तीस वर्षांत पहिल्यांदा मला स्वच्छ वास आला. आमसूल, ओलं तांबं, विहिरीचा गाळ.

काकूंनी कळशी धुतली, पदराने पुसली आणि माजघरात नेऊन सासूबाईंच्या तसबिरीखाली, अक्षरं समोर येतील अशी ठेवली. एकदा फोटोकडे बघितलं. मग मला म्हणाल्या, “तुमचं ते उघडा आता. वाडीला ठाऊक झालंच आहे.”

खळ्यात कंदील लावून बसलो. दोन्ही बाटल्यांना फिरकीची काळी झाकणं, एकसारखी. तज्ज्ञाने लगेच संकटाचं सोनं केलं: लेबल झाकून चाखणं हाच वाइनच्या दुनियेतला खरा न्याय, १९७६मध्ये पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी अशाच झाकल्या बाटल्यांत कॅलिफोर्नियाला पहिला नंबर दिला आणि नंतर डोकं धरलं. पेले नव्हते, स्टीलची फुलपात्रं होती. सोबत फणसाचे तळलेले गरे.

“डावी न्यूझीलंड,” तज्ज्ञ म्हणाला. “कापलेलं गवत, हिरवी मिरची. नि:संशय.”

“उजवी,” वकील म्हणाला. “पुरावा नाही, पण उजवी.”

बापूने दोन्ही एका फुलपात्रात ओतून घेतल्या आणि वाद निकालात काढला. माझं मत विचारलं तेव्हा मी वास घेऊन म्हणालो, “आमसूल. गाळ.” तज्ज्ञाने माझ्याकडे आदराने बघितलं आणि वहीत लिहून घेतलं. कोणती बाटली कोणती, ते आजतागायत ठरलेलं नाही. दोन्ही सत्तावीस अंशांवर होत्या आणि दोन्ही संपल्या. काकूंनी गरे पुन्हा तळून आणले. फुलपात्रं कुणी घासायची, ते मात्र स्पष्ट सांगितलं.

सकाळी निघताना रिकाम्या बाटल्या आम्ही गाडीत परत घेतल्या. काकूंनी आंब्याच्या चार पेट्या दिल्या, म्हणजे माझ्या पायांची सोय झाली. गाडी सुरू झाली तशा त्या काचेशी आल्या.

“पुढल्या वर्षी या. बाटल्या आणा. गाठ यांनाच मारू दे.” त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. “चौऱ्याऐंशी साली एक पितळी तांब्या पडलाय. तोही माझ्याच नावावर आहे.”