रा. रा. रुपये एकवीस हजार यांस अनावृत पत्र

प्रति,
माननीय श्री. रुपये २१,००० (वार्षिक उत्पन्नमर्यादा, अक्षरी एकवीस हजार फक्त),
संजय गांधी शाखा, तहसील कार्यालय, राज्यातील सर्व तालुके.

विषय : आपल्या चिरतारुण्याबद्दल अभिनंदन, तसेच एका अर्जाबाबत.

महोदय,

पत्रास कारण की, पत्रलेखिकेची बालमैत्रीण १ जानेवारी २०२५ रोजी पासष्ट वर्षांची झाली आणि आपल्या दारात येऊन उभी राहिली. तिचा खरा जन्म भर आखाडातला. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सगळ्या वर्गाला १ जून दिला आणि आधार काढताना कुणीतरी १ जानेवारी १९६० बहाल केला. सरकारदरबारी शेवटचाच जन्म खरा. दोघी सातवीपर्यंत एका बाकावर होत्या. एक पुढे मास्तरीण झाली, आता पेन्शन खाते. दुसरी नवरा गेल्यापासून तालुक्याच्या गावात दोन घरची धुणीभांडी करते. मास्तरणीला अर्ज लिहिता येतो आणि दुपारी वेळही असतो, म्हणून कागदपत्रांची पिशवी तिच्या खांद्यावर आली.

आता मैत्रीण ३१ डिसेंबरपर्यंत कोण होती, हे आपल्याला सांगायला हवं. ती लाडकी बहीण होती. जुलै २०२४ मध्ये सुरू झालेल्या त्या योजनेत महिना १,५०० रुपये मिळतात, आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असलं तरी चालतं. रेशनकार्ड केशरी असल्याने तिला उत्पन्नाचा दाखलाही कुणी मागितला नाही. पण बहिणीचं नातं पासष्टीला संपतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारने पाच लाख बहिणी अपात्र ठरल्याचं जाहीर केलं. त्यांतल्या १ लाख १० हजार केवळ वयाची पासष्टी ओलांडल्यामुळे गळल्या. पासष्टीपुढच्यांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना आहे. रक्कम तीच, १,५०० रुपये. फरक एवढाच, की त्या दाराशी अडीच लाख नव्हे, आपण बसलेले असता.

म्हणजे ३१ डिसेंबरच्या रात्री जिचं कुटुंब अडीच लाखांत गरीब होतं, तिने १ जानेवारीच्या सकाळी एकवीस हजारांत गरीब व्हायचं. एका रात्रीत एवढं दारिद्र्य आणायचं कुठून, महोदय?

आपला हिशेब मास्तरणीने वहीच्या मागच्या पानावर करून पाहिला. वर्षाला २१,००० म्हणजे महिन्याला १,७५०. दिवसाला सत्तावन्न रुपये आणि काही पैसे, तेही सगळ्या कुटुंबाचे मिळून. आणखी एक गंमत. रोजगार हमी या राज्यानेच देशाला शिकवली. १९७७ मध्ये तिचा कायदा केला. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात त्या कामाची मजुरी होती रोज २९७ रुपये. कुटुंबातल्या एका माणसाने एकाहत्तर दिवस खड्डे खणले, की २१,०८७ रुपये होतात आणि घर आपल्या लेखी सधन ठरतं. केंद्राच्या कायद्याने हमी तर शंभर दिवसांची होती. सरकारने आपला शब्द पुरा पाळला, तर घरातल्या म्हातारीचं वेतन जातं! शब्द पुरा पाळला जात नाही म्हणून निभावतं, असं म्हणायला हरकत नाही.

आपल्या अवतीभवती सगळं हललं. अनुदान ६०० चं १,००० झालं, २०२३ मध्ये १,५०० झालं. तलाठ्याचं पदनामसुद्धा बदलून ग्राम महसूल अधिकारी झालं. गावाला अजून ते म्हणता येत नाही, तो भाग निराळा. दिव्यांगांच्या खिडकीवर आपले थोरले बंधू पन्नास हजार येऊन बसले. आपण मात्र जागचे हलला नाहीत. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर आपली गाठ पडत नाही, हे खरं. पण ती यादी २००२ च्या पाहणीची. त्या साली मैत्रिणीचा नवरा हयात होता, हमाली करत होता, घरावर पत्रे होते. नाव कसं लागणार?

तर उत्पन्नाचा दाखला. सेतू केंद्रातला मुलगा भला होता. स्क्रीनवरची नजर न काढता त्याने विचारलं, "मावशी, उत्पन्न किती टाकू?"

"दोन्ही घरचे मिळून चार हजार येतात बघ महिन्याला."

मुलाची बोटं थांबली. "तसं नका सांगू. अठ्ठेचाळीस हजार टाकले तर तुमचा फॉर्म इथंच संपला. वीस टाकतो."

"अरे, पण ते खोटं होईल की."

"मावशी, एकवीसच्या आत लागतंय. सगळे तेच टाकतात."

मैत्रिणीने मास्तरणीकडे पाहिलं. चौथीच्या वर्गाला 'नेहमी खरे बोलावे' सुवाच्य अक्षरात लिहायला लावलेली बाई छताच्या पंख्याकडे बघत होती. स्वयंघोषणापत्रावर सही उमटली. 'वरील माहिती खरी असून खोटी आढळल्यास मी शिक्षेस पात्र राहीन', या अर्थाच्या मजकुराखाली ती निळी सही सुरेख दिसत होती.

मग कळलं की, रेशनकार्डावर मुलाचं नाव आहे. मुलगा चाकणला कंत्राटावर आहे, बायकामुलांसह तिथेच खोली करून राहतो, दिवाळीला येतो. कार्डावर आहे म्हणजे त्याचा पगारही आईचाच. "आधी नाव कमी करून आणा." नाव कमी करायला मुलगा हजर हवा, मुलाला सुट्टी नाही, सुट्टी घेतली तर खाडा. अखेर तो एका सोमवारी आला आणि सही करून संध्याकाळच्या एसटीने परत गेला. जाताना आईला म्हणाला, "आये, आता कागदावर माझं तुझं काही नाही." हसतच म्हणाला.

दाखल्याला लोकसेवा हक्क कायद्याने मुदत आहे. २०१५ चा हा कायदा चांगला आहे, हे उपरोध बाजूला ठेवून नमूद करायला हवं. मुदत टळली तर अपील करता येतं, अधिकाऱ्याला दंडही होऊ शकतो. फक्त त्यासाठी हातात पोच लागते. खिडकीवर अर्ज ठेवून लोक घरी जातात आणि अर्ज कुठल्या तारखेला दिला याचा पुरावाच उरत नाही. मास्तरीण पोच घेतल्याशिवाय हलली नाही. मागच्या रांगेतल्या चार जणांनाही तिने ती मागायला लावली. दाखला वेळेत आला. त्यावर तहसीलदारांची डिजिटल सही आणि रुपये २०,००० अक्षरी. चौकशी झाली, समितीची बैठक झाली, नाव मंजूर झालं.

पैसे मात्र दिसेनात. बँकेत पासबुक भरून घेतलं तर कोरंच. हे अनुदान आता डीबीटीने जातं आणि आधारला शेवटी जे खातं जोडलेलं असेल, त्यात पडतं. हातातल्या पासबुकाशी त्याचा संबंध नसतो. मैत्रिणीने मध्यंतरी बाजाराच्या दिवशी टेबल टाकून बसलेल्या कुणाकडे तरी शून्य शिलकीचं खातं उघडलं होतं आणि ती विसरूनही गेली होती. पैसे तिथे निवांत पडलेले सापडले.

तेव्हा महोदय, विनंती एवढीच, की आपण एकदा स्वतःच्या उत्पन्नाचा दाखला काढून पाहावा. बाजारभावाने आपली किंमत किती उरली, हे सेतूतला मुलगा सांगेल. अडीच लाखांशी बोलून घ्यावं; ते आपल्याच घरचे आहेत, परके नव्हेत. कितीतरी खरे आकडे आपल्या दारातून रोज खोटे होऊन आत जातात, याचं आपल्याला काही वाटत असेल, तर निवृत्तीवेतन घ्यायलाही हरकत नाही. वयाची अट आपण बहुधा पुरी केली असेल.

आपली,
एका पात्र अर्जदाराची अपात्र मैत्रीण

ता. क. : तहसीलबाहेर टेबल टाकून बसलेल्या गृहस्थाने "पाचशेचा बॉण्ड लागेल, शंभरचा बंद झाला" असं सांगून मैत्रिणीच्या हातात स्टॅम्प ठेवलाही होता. उत्पन्नाच्या दाखल्याच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. २०१५ पासून तर साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्रच चालतं. मास्तरणीने तो परत करून पैसे घेतले. त्या गृहस्थाचं वार्षिक उत्पन्न विचारायचं मात्र राहून गेलं.